पहिला आकडा

आमच्या प्रकल्पाचा एक नियम आहे: चालत असलेली कुठलीही गोष्ट न सांगता काढायची नाही. आधी सांगायचं, की बाबा रे, हे आता जुनं झालंय. मग दोन आवृत्त्या थांबायचं. मगच काढायचं. हा नियम मुकादमानं लिहिला. मुकादम हे टोपणनाव. एरवी तो दातांचा डॉक्टर आहे, आणि दात काढतानाही तो हेच करतो, फक्त तिथे दोन आवृत्त्या थांबत नाही.

प्रकल्पाचं नाव 'सुलट-उलट'. विणकामाच्या जुन्या मशीनला कॉम्प्युटरवरून नमुना पाठवायचा, एवढंच त्याचं काम. फुकट आहे. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. जगात अशी जेवढी मशीनं शिल्लक आहेत त्यांतल्या बऱ्याच मशीनना आमचा प्रोग्राम चालतो, यावरून आम्ही किती प्रसिद्ध आहोत ते तुमच्या लक्षात येईल.

आवृत्तीचा नंबर तीन आकड्यांचा, मध्ये टिंबं. काही दुरुस्त केलं की शेवटचा आकडा वाढतो. काही नवं आलं की मधला. पहिला आकडा मात्र तेव्हाच वाढतो, जेव्हा जुनं काहीतरी चालेनासं होतं, आणि नवी आवृत्ती आम्ही म्हणतो ती तेव्हाच. पहिला आकडा वाढला की समजायचं, आज कुणाच्या तरी घरी आदळआपट होणार. म्हणून मुकादम त्याला सहसा हात लावत नाही. मागे एकदा लावला, तर आठवडाभर त्याला जेवण गेलं नव्हतं.

आमच्या बैठका त्याच्या दवाखान्यात होतात, रविवारी सकाळी. तिथे बसायला दोनच जागा आहेत: त्याचं चाकांचं स्टूल आणि पेशंटची खुर्ची. प्रकल्पात मी दुसऱ्या क्रमांकाचा माणूस असल्यामुळे पेशंटच्या खुर्चीत बसतो. वाद वाढला की मुकादम पायानं कळ दाबतो आणि मी हळूहळू आडवा होतो. आडव्या माणसाला मुद्दा रेटता येत नाही. करून बघा.

या सगळ्यात मी पडलो तो मावशीमुळे. माझी मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, स्वेटर विणते. गल्लीत तळमजल्यावर एक खोली, खिडकीशी मशीन, भिंतीला छतापर्यंत लोकरीचे कप्पे, आणि दारावर एक घंटी, जी दार उघडल्यावर नाही, बंद झाल्यावर वाजते. शाळांचे, संघांचे, क्लबांचे स्वेटर, छातीवर नाव विणलेले. सगळे नमुने काकांनी, मावशीच्या नवऱ्यानं, काढलेले. काका आता नाहीत, नमुने आहेत. त्यांच्या अक्षरांना एक खोड आहे. प्रत्येक अक्षर किंचित उजवीकडे झुकतं, बस येतेय का ते बघावं तसं. हे नमुने सगळ्यात जुन्या पद्धतीच्या फायलींत आहेत. ती पद्धत आता मावशीखेरीज जवळजवळ कुणी वापरत नाही.

मशीन हातानं चालतं. वर एक सरकता ठोकळा आहे. तो डावीकडून उजवीकडे ओढला की एक ओळ होते, उजवीकडून डावीकडे ओढला की दुसरी. एका स्वेटरपायी असे शेकडो हेलपाटे. त्यानं मावशीचा उजवा खांदा दुखतो. आणि मावशीचा खांदा दुखतो म्हणून दादाचं डोकं दुखतं.

दादा म्हणजे तिचा मुलगा. त्याला सगळेच दादा म्हणतात, मावशीसुद्धा. तो विमा कंपनीत माणसं साधारण किती जगतील याचा हिशेब करतो. लग्नाकार्यात त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते. त्याचं म्हणणं एकच होतं: आईनं दुकान बंद करावं, मशीन कुणाला तरी देऊन टाकावं आणि त्याच्याकडे राहायला यावं.

"तिथे येऊन मी करू काय?" मावशी विचारायची.

"आराम."

"आणि दुपारी?"

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी एक आजारी असेल तर मी त्याच्या जागी बोलू शकतो.

शेवटी मावशीनंच तोड काढली. ज्येष्ठ धावपटू मंडळाचं मोठं काम आलं होतं, सगळ्या सभासदांचे स्वेटर. ती म्हणाली, "हे काम नीट गेलं तर पुन्हा दुकानाचा विषय काढायचा नाही. माल परत आला तर तू म्हणशील ते."

दादा कबूल झाला. मला आनंद झाला. आणि आनंदाच्या भरात मी मावशीला मदत केली.

त्याच सुमारास आमची चौथी आवृत्ती निघाली होती. मावशीकडे तिसरी होती आणि ती व्यवस्थित चालत होती, म्हणून मी ती बदलायला गेलो.

"चालत नाहीये का?" मावशीनं विचारलं.

"चालतंय की."

"मग?"

"ही नवीन आहे."

"ढब्ब्या," मावशी म्हणाली (लहानपणी मी जाड होतो, आता नाही, पण नाव राहिलं, जुनं काही आमच्या घरात निघत नाही), "तुझं लग्न झालं की तुझ्या बायकोशी मला बोलावं लागेल."

चौथ्या आवृत्तीत आम्ही एक सूचना घातली होती. कुणी जुन्या पद्धतीची फाईल उघडली की प्रोग्राम आधी सांगणार: 'ही पद्धत जुनी झाली आहे. आणखी दोन आवृत्त्यांनंतर ती काढून टाकण्यात येईल.' आणि मग मुकाट्यानं कामाला लागणार. मावशीच्या कॉम्प्युटरची स्क्रीन केव्हाच गेली होती, तिच्यावर लोकरीचे गुंडे रचलेले असायचे; नमुन्यांचे नंबर मावशीला पाठ होते, ती नुसती बटणं दाबायची. म्हणून मी माझी स्क्रीन नेली, जोडली, आवृत्ती बदलली, सूचना आली ती वाचली, भाषा चांगली जमलीय असं मनात म्हटलं, स्क्रीन काढली आणि घरी आलो.

आता प्रोग्रामच्या बाजूनं विचार करा. त्याला काहीतरी महत्त्वाचं सांगायचंय. समोर स्क्रीन नाही. जोडलेली वस्तू एकच, मशीन. त्यानं मशीनला सांगितलं. आणि मशीनला सांगितलेलं मशीन विणतं.

अशा मशीनवर कापडाची उलटी बाजू विणणाऱ्याकडे असते, त्यामुळे अक्षरं उलटी दिसतात. नावाच्या आधी काही ओळी जास्त आल्यात एवढं मावशीच्या लक्षात आलं. पहिला स्वेटर उतरवल्यावर तिनं ती ओळ वाचली, विचार केला, आणि पुढचा घेतला.

पहिला गठ्ठा मंडळाकडे गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी दुकानात आले. मावशीनं मला फोन केला, दादालाही केला. दादा येताना रिकामी खोकी घेऊन आला. सामान भरायला.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त स्टेशनमास्तर. उंच, शिडशिडीत, बोलताना एक डोळा घड्याळाकडे. स्वेटर अंगातच होता. छातीवर मंडळाचं नाव, काकांच्या झुकत्या अक्षरांत. त्याखाली, पोटावर, दोन ओळींत, त्याच अक्षरांत: ही पद्धत जुनी झाली आहे. आणखी दोन आवृत्त्यांनंतर ती काढून टाकण्यात येईल.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. "पण ते तुमच्याबद्दल नाही."

"मग कुणाबद्दल?"

"फायलीबद्दल."

त्यांनी मान खाली घालून पोटाकडे पाहिलं. "लिहिलंय माझ्यावर."

दादा खोक्यांच्या तळाला चिकटपट्टी लावायला लागला.

"मला वाटलं, तुमचं ब्रीदवाक्य असेल," मावशी म्हणाली. "मनात म्हटलं, रोखठोक मंडळी दिसतात."

"आमच्यातला सगळ्यात तरुण सभासद," सेक्रेटरी म्हणाले, "एकाहत्तरचा आहे."

"हो ना. म्हणून तर मला खरं वाटलं."

सेक्रेटरींनी पोटावरची ओळ बोट फिरवत पुन्हा वाचली. मग त्यांनी मला विचारलं, "दोन आवृत्त्या म्हणजे किती काळ?"

हा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारला नव्हता. मी मुकादमाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याच्यापुढे पेशंट होता.

"वेळापत्रक नाही," मुकादम म्हणाला. "मागची आवृत्ती चार वर्षांनी आली, त्याआधीची सहा. आम्ही घाई करत नाही. कुणाचं चालतं काम बिघडवायला जिवावर येतं हो."

"आ," पेशंट म्हणाला.

"म्हणजे आधी सांगणार," सेक्रेटरी म्हणाले.

"न सांगता काही काढत नाही आम्ही. नियमच आहे."

"आणि सांगितल्यावर पुन्हा थांबणार."

"दोन आवृत्त्या. थोडं मोठं उघडा. तुम्ही नाही, हे."

फोन ठेवल्यावर सेक्रेटरींनी स्वेटर खालून ओढून सरळ केला. "मी तीन डॉक्टरांकडे जातो," ते म्हणाले. "इतकं स्पष्ट आश्वासन मला एकानंही दिलेलं नाही." दारापर्यंत जाऊन ते वळले. "राहिलेल्या स्वेटरांवर पण हीच ओळ हवी. एकाला आहे आणि एकाला नाही असं झालं, की मंडळात भांडणं होतात."

ते गेले. दार बंद झालं, घंटी वाजली. दादानं खोकी एकात एक घातली.

त्याचा चेहरा बघून मावशीला वाईट वाटलं असावं. "तुझंही चूक नाही रे," ती म्हणाली. "खांदा दुखतोच. मी पण यांच्यासारखंच करते. आत्ताच सांगून ठेवते, दुकान जुनं झालंय. आणखी दोन आवृत्त्यांनंतर बंद."

"कुणाच्या आवृत्त्या?"

"यांच्याच. ढब्ब्याच्या."

दादानं माझ्याकडे वळून पाहिलं. तो लोकांकडे कामाच्या वेळी कसा बघत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी तो दवाखान्यात हजर. बसायला जागा नव्हती, म्हणून हात धुवायच्या बेसिनला टेकून उभा राहिला. त्या बैठकीत आम्ही नियमात भर घातली. मावशीला पुढची प्रत्येक सूचना तोंडी, घरी जाऊन द्यायची. दुसरा इलाज नव्हता. 'कृपया या सूचनेकडे दुर्लक्ष करावे' असं लिहून पाठवलं असतं तर तेही कुणाच्या तरी पाठीवर आलं असतं.

"पहिला आकडा वाढवायला काय करावं लागतं?" दादानं विचारलं.

"कुणाचं तरी चालतं काम बंद पाडावं लागतं," मुकादम म्हणाला.

"आणि दोनदा वाढवायचा असेल तर?"

"दोनदा बंद पाडावं लागतं."

"शिकायला किती दिवस लागतील?"

मुकादमाचा पाय सवयीनं कळेवर गेला. खुर्चीत मी होतो, मी आडवा झालो.

दादा खरंच शिकला. आईला घरी न्यायचं तर आवृत्त्या यायला हव्यात, आवृत्त्या यायच्या तर कुणीतरी काम करायला हवं, आणि आम्ही दोघं काम करत नाही हे त्यानं पहिल्याच बैठकीत ओळखलं होतं. पाहता पाहता तो आमच्यातला सगळ्यात चांगला माणूस झाला. वर्षानुवर्षं पडून असलेल्या तक्रारी त्यानं निपटल्या. धाग्याचा रंग चुकायचा, तो चुकेनासा झाला. परदेशातल्या एका बाईंचं मशीन दर मंगळवारी बंद पडायचं. ते चालू झालं. ते मंगळवारीच का पडायचं ते मात्र त्यालाही कळलं नाही. पण सगळं असं नीटनेटकं, की जुन्याला कुठे धक्का म्हणून नाही. शेवटचा आकडा वाढत गेला, वाढत गेला, पहिला तिथेच.

"अरे, मोडता येत नाही का तुला काही?" मी विचारलं.

"मोडतो रे. हा जोडून देतो."

ते खरं होतं. दादानं काही मोडायचं सुचवलं की मुकादम रात्रभर बसून अशी वाट काढायचा की नवंही चालेल आणि जुनंही. तेवढ्यापुरतं तो काम करायचा. आमचा प्रोग्राम त्या काळात इतका चांगला झाला की लोकांची पत्रं यायला लागली. दादा ती वाचून उदास व्हायचा.

अखेर त्याला एक गोष्ट सापडली. आमच्या प्रोग्राममध्ये विणकामाची पहिली ओळ शून्य नंबरची असते. हे सुरुवातीला मुकादमानंच केलं होतं, आणि त्यापायी नव्या माणसाचा पहिला स्वेटर हमखास एका ओळीनं चुकतो. ओळी एकपासून मोजायला लागलो तर नव्यांचं भलं, पण ज्यांनी शून्याची सवय लावून घेतलीय त्या सगळ्यांचं बिघडणार. एक आणि शून्य, दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मुकादमानं तीन रविवार प्रयत्न केला. चौथ्या रविवारी त्यानं हात टेकले, आणि पाचवी आवृत्ती निघाली. मुकादमाला जेवण जाईना. दादानं त्याला घरून सूप आणून दिलं.

"आता एकच राहिली," दादा मला म्हणाला. "सहावीचंही हेरून ठेवलंय मी."

मग आम्ही नियमाप्रमाणे मावशीला सांगायला गेलो. मावशी मशीनवर होती. मंडळात नवे सभासद आले होते. ती ओळ बघून आले म्हणे. ठोकळा डावीकडून उजवीकडे जायचा, मग मावशी जराशी थांबायची, मग उजवीकडून डावीकडे. ते थांबणं आधीपेक्षा लांबलं होतं. दादा दारात उभा राहून तेच बघत होता.

"आई, पाचवी आवृत्ती आली."

"कुठे आली?"

"आली म्हणजे निघाली. काल."

"माझ्याकडे नाही आली," मावशी म्हणाली.

"ढब्ब्या घालून देईल आत्ता."

"त्यानं हात लावायचा नाही." मावशीनं माझ्याकडे बघितलंही नाही. "ही चौथी चांगली आहे. ह्यांचे नमुने उघडतात, मंडळाची ओळ आपोआप येते. मला आणखी काय हवंय? मी हीच वापरणार."

"अगं, पण ती जुनी झाली आता."

"झाली तर झाली. कुणी येऊन घेऊन जाणार आहे का?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलायला हवं होतं, पण प्रश्न प्रकल्पाचा होता.

"नाही," मी म्हणालो. "दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. ज्याच्याकडे आहे त्याची. कायमची."

"हे कुठे लिहिलंय?"

"पहिल्या पानावर. तू मागच्या महिन्यात त्यातलं शुद्धलेखन तपासलंस."

दादा लोकरीच्या पोत्यावर बसला. तो मनात हिशेब करत होता, ओठ हलत होते. ज्या घरात एकही नवी आवृत्ती येणार नाही, त्या घरात दोन आवृत्त्या यायला किती काळ लागेल? त्याच्या धंद्यात अशा माणसाचा विमा उतरवत नाहीत.

"म्हणजे तू दुकान बंद करणारच नाहीस," तो म्हणाला.

"करीन की. शब्द दिलाय. दोन आवृत्त्या आल्या की लगेच."

आणि तिनं ठोकळा ओढला. तो मध्यावर अडला. मशीन अडलं नव्हतं, मावशी अडली होती. डाव्या हातानं खांदा धरून ती क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिली, जणू गल्लीत काही चाललंय. गल्लीत काही चाललेलं नव्हतं.

दादा उठला. बाही वर केली. "सरक," तो म्हणाला.

मावशी सरकली. दादानं ठोकळा धरला आणि असा हिसडा दिला की कप्प्यातले गुंडे हलले.

"अरे, हळू! दरवाजा आहे का तो? अलगद. आवाज ऐक त्याचा. पोचला की टक् म्हणतो, मग वळव."

दादानं अलगद ओढला. टक्. वळवला. टक्. दहाबारा ओळींनंतर त्याचा हात लागला. अक्षरं उलटी, पण झुकलेली, हळूहळू वर यायला लागली.

"बाबांची अक्षरं वाकडी आहेत," तो म्हणाला. "दुरुस्त करून देऊ? सोपं आहे."

"खबरदार," मावशी म्हणाली, आणि पोत्यावर जाऊन बसली. खूप दिवसांनी मी तिला दुकानात बसलेली बघत होतो. तिनं खांदा भिंतीला टेकला आणि डोळे मिटले. "रविवारी येत जा. त्या दाताच्या डॉक्टरकडे उभाच असतोस म्हणे."

"तिकडचं उरकून येईन," दादा म्हणाला. "दुपारी."

तेवढ्यात सेक्रेटरी आत आले, आणि मग घंटी वाजली. त्यांना नव्या सभासदांचे स्वेटर न्यायचे होते. मशीनवर दादाला बघून त्यांनी भुवया उंचावल्या, पण विचारलं वेगळंच.

"पाचवी आली म्हणे."

"काल निघाली," मी म्हणालो.

"हं." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग स्वेटरवरची ओळ हातानं साफ केली. "म्हणजे आता एकच राहिली."

"एकच."

"घाई करू नका," सेक्रेटरी म्हणाले.

दादानं ठोकळा शेवटपर्यंत नेला. टक्.

"नाही करत," तो म्हणाला, आणि वळवला.